मढवीकाकूंची पाठमोरी स्वारी

आमच्या शेजारचे मढवीकाका सायकल चालवताना मागे वळून कधीच बघत नसत. ते खातं काकूंकडे! काकू कॅरिअरवर चक्क उलट्या बसत, काकांच्या पाठीला पाठ लावून, तोंड मागच्या रस्त्याकडे.

"मागं काय हाय गो?" काका ओरडत.

"ट्रक हाय! लोखंडाचा! लय घाईत हाय!"

की काका सायकल कडेला घेऊन पाय टेकून उभे. "आता?"

"बैलगारी. बैल वलखीचा हाय. चला!"

पनवेलहून कळंबोलीला लेकीच्या चहाच्या टपरीवर मदत करायला ही जोडी रोज अशी निघायची. त्या रस्त्याला ट्रकची नुसती जत्रा. माझी नोकरीही तिकडेच आणि मीही सायकलवाला, त्यामुळे हा तमाशा मला फुकटात बघायला मिळे.

काकांचा जीव सायकलीत. सकाळी दोन्ही ब्रेक दाबून, टायर चिमटून, चेनला तेल पाजल्याशिवाय चहा घशाखाली उतरत नसे. दुसऱ्यांच्या सायकलींचे ब्रेकही ते परस्पर दाबून येत. एकदा माझ्या सासऱ्यांची सायकल त्यांनी सरळ कुलूप घालून जप्त केली. "रबर घासलाय. पावण्यांना येष्टीनं पाठवा!" सासरे खरंच एसटीने गेले, आणि जाताना माझ्याशी बोलले नाहीत.

"ब्रेक दोन आन डोले चार पायजेत," काका बजावत. "दोन फुडं, दोन मागं." आरसा लावा म्हटलं की उसळत. "आरसा काय हाक मारतो काय?"

आणि एका सकाळी बघतो तर हँडलला आरसा! स्कूटरचा, लांब वाकड्या दांडीचा! मी उडालोच.

"काका, हे काय?"

"भांग पारायला," टकलावरून हात फिरवत काका म्हणाले.

त्याच दिवशी घरी परतताना मी दोघांना गाठलं. अगदी मागे, चार हातांवर आलो. काकूंचं तोंड माझ्याकडेच होतं. मी जोरजोरात हात हलवला.

"मागं काय हाय गो?"

"काय नाय! रस्ता मोकला हाय. चला!"

माझा हात वरच राहिला. तेवढ्यात आरशात काकांचे डोळे दिसले. विनाकारण हँडल न सोडणाऱ्या त्या माणसाने एक हात सोडून ओठांवर बोट ठेवलं.

घरी पोचल्यावर काकू आत गेल्या, तसे काका माझ्याकडे आले. "तिला मोतीबिंदू हाय. डाक्टर बोलतो, पिकू दे, मंग काढू. तवर ती आवाजावर वलकते. तुमची सायकल बिनआवाजाची, तिला काय कललं नाय. पन बोलू नका तिला. तिला आता दिसत नाय हे मना ठावं हाय, असं समजलं, तं ती घरान बसंल. एकल्याला नाय जमायचं मना."

"सायकल चालवायला?"

"सायकल चालते वो," म्हणाले आणि उगाच चेन चाचपत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पाणी भरायला गेले होते. काकू सायकल पुसत होत्या. चाचपत हात आरशापर्यंत गेला. त्यांनी काचेवर हाः केलं, पदराने पुसलं, पुन्हा पुसलं. मी माझ्या दारातून खाकरलो.

"सुधीरभाव? बगा वो, डाग राहिला काय? मना आता दिसत नाय." मग हळूच म्हणाल्या, "आरशाचं मना ठावं हाय, ते त्यांना बोलू नका. नायतं ते मना इचारायचं सोरतील."

"एकही डाग नाही, काकू," मी म्हणालो.

काका आले. दोन्ही ब्रेक दाबून झाले, टायर चिमटून झाले. काकू उलट्या बसल्या, पाठीला पाठ टेकली आणि स्वारी निघाली. कोपऱ्यावर आरोळी आलीच.

"मागं काय हाय गो?"

"सुधीरभाव हाय! दारान उभा! चला!"

मी दारातच उभा होतो.