एका पानावर सगळी नावं

एका जंगलात, मुलांनो, एक नियम होता आणि तो का आहे हे विचारायला बंदी होती: एका फेरीत एकच नाव.

वणवा पेटला की सगळ्यांनी नदीपलीकडच्या टेकडीवर जायचं. पण आधी गुहेतल्या अस्वलाच्या वहीत नाव चढायला हवं. नावं न्यायचं काम कासवअण्णांचं. ते गुहेत जात आणि म्हणत, "महाराज, लंबकर्ण सशाला टेकडीवर जागा द्यावी." अस्वल डोकं खाजवून वाक्याचा अर्थ लावी, मग लिही. अण्णा परत येत. पुढच्या सशासाठी पुन्हा तेच वाक्य, तेच डोकं, तेच खाजवणं.

यंदा वणवा लवकर पेटला. नावं होती तीनशे. दुपारपर्यंत चढली एकोणीस. त्यात कोल्ह्याने आपलं नाव सांगितलं, "कोल्हा, आणि सशांची नावं खोडा." अण्णांनी शब्दन्‌शब्द पोचवला. अस्वलाने सशांची नावं खोडली.

झिपरी खारीच्या पाच पिल्लांची नावं अजून चढली नव्हती. ती उसळली.

"अण्णा, वाक्य एकदाच सांगा. नावाची जागा रिकामी ठेवा. अस्वलकाकांना अर्थ एकदाच लावू द्या. मग ह्या पळसाच्या पानावर सगळी नावं एकदम न्या. रिकाम्या जागेत येईल ते नुसतं नाव. कोल्ह्याने तिथे हुकूम लिहिला, तरी ते त्याचं नावच!"

"तू चार बुकं शिकलीस म्हणून आम्ही मूर्ख का गं?" घुबडआजोबा म्हणाले.

"नाही आजोबा. माझ्या शिकण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"माझ्या वडिलांनीही एकेकच नाव नेलं," अण्णा म्हणाले.

"त्या वणव्यात कोण वाचलं?"

"नियम वाचला."

धूर नदीपर्यंत आला. अण्णा मवाळ झाले. "बरं बाई, तुझ्या पिल्लांची नावं आधी नेतो. एकेक करून. पण ते पान टाक."

झिपरीने पिल्लांकडे पाहिलं. मग मागच्या लांबलचक रांगेकडे.

"नाही टाकणार. माझी पाच ह्याच पानावर आहेत, सगळ्यांच्या मधोमध. वाक्य मीच सांगते. एकदाच."

पान दातांत धरून ती गुहेकडे सुटली. अण्णांनी तोंड उघडलं, मग मान कवचात ओढून घेतली. आजोबांनी डोळे मिटले.

तात्पर्य: वडीलधाऱ्यांचं नेहमी ऐकावं. जळायचंच असेल तर रांगेने जळावं. घाई करून वाचणं हा उद्धटपणा आहे.