आधी हातात, मग तोंडात

खांबेटेकाकूंच्या पर्समध्ये एक लोहचुंबक असायचं. लखनौच्या अमीनाबाद बाजारात भांडी घ्यायला गेल्या की स्टीलच्या प्रत्येक डब्याला त्या ते लावून बघत. चिकटलं की डबा परत. एकदा एका दुकानदारानं अगदी अदबीनं हात जोडले आणि म्हणाला, "बहनजी, बर्तन लीजिए, इम्तिहान तो मत लीजिए." काकूंनी चुंबक त्याच्याच हातात दिलं आणि चांगल्या स्टीलमध्ये निकेल का घालतात ते त्याला समजावून सांगितलं. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळली होती, तीही ऐकत राहिली. पुढच्या खेपेला आम्ही गेलो तर दुकानदारानं स्वतःचं चुंबक आणून गल्ल्याशेजारी ठेवलेलं होतं.

काकूंबद्दल लिहायला मी बसले आहे खरी, पण ते मला नीट जमेल की नाही, कोण जाणे. माझे वडील लखनौला रेल्वेच्या कारखान्यात फिटर. मूळचे आम्ही भुसावळकडचे. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बारावीपर्यंत सगळं हिंदीतून शिकले आणि बी.एस्सी.ला गेल्यावर एकदम इंग्रजी. सर बोलायचे ते मी वहीत हिंदी अक्षरांत उतरवून घ्यायची आणि घरी येऊन त्याकडे बघत बसायची. सहामाहीत रसायनशास्त्रात नापास झाले. बाबा रागावले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "हे वर्ष बघू. नाही जमलं तर शिवणाचा क्लास लाव. जळगावच्या मंडळींना मग होकार कळवू." बाबा रागावले असते तर बरं वाटलं असतं.

खांबेटेकाकू सरोजिनी नगरला आमच्या समोरच राहायच्या. त्यांचे यजमान केंद्र सरकारी कचेरीत होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी काकूंना नोकरी मिळाली, टपालावर शिक्के मारायची. त्याआधी, लग्नापूर्वी, त्या सांगलीला एका शाळेत विज्ञान शिकवत. जेमतेम दोन वर्षं शिकवलं असेल, पण त्या दोन वर्षांचा विषय काढला नाही असा त्यांचा दिवस जात नसे. मूलबाळ नव्हतं. आईनं कधीतरी दळणाच्या रांगेत माझं रडगाणं त्यांच्या कानावर घातलं. दुसऱ्याच दिवशी निरोप आला की मुलीला पाठवा, पुस्तक आणू नको म्हणावं.

पुस्तक न्यायचं नाही, हे मला अवघडच वाटलं. पण काकूंची पद्धतच तशी होती. "शब्द आधी हातात, मग तोंडात," असं त्या म्हणत. जी गोष्ट हाताला लागली नाही तिचं नाव घ्यायला त्यांच्याकडे बंदी होती. गोष्ट कळली की मग नाव तीनदा म्हणायचं, मराठीत, हिंदीत आणि शेवटी इंग्रजीत.

घनता शिकवली तेव्हा त्यांनी मला एकाच मापाच्या दोन बरण्या उचलायला लावल्या, एक मधाची आणि एक तेलाची. परासरणासाठी मनुका भिजत घातल्या. सकाळी त्या टम्म फुगल्या, आणि आम्ही परासरण खाऊन टाकलं. जडत्वाचा धडा रिक्षात झाला. काकूंनी रिक्षावाल्याला सांगितलं, "भैया, ज़रा ज़ोर से चलाइए और फिर एकदम ब्रेक." त्यानं ब्रेक मारला आणि माझी हनुवटी त्याच्या पाठीवर आपटली. "हे जडत्व," काकू म्हणाल्या. "म्हण आता." मी हनुवटी चोळत तीनदा म्हटलं. रिक्षावाल्यानंही म्हटलं. पुढे कितीतरी दिवस तो आम्हाला बघून विचारायचा, "आज जड़त्व वाला ब्रेक लगाऊँ?"

कचेरीतली माणसंही त्यांनी अशीच लावून ठेवली होती. हेडक्लार्क म्हणजे निष्क्रिय वायू. "कशाशी संयोग म्हणून पावत नाही. फाइलीशीसुद्धा नाही." जे साहेब वरच्यांशी गोड आणि खालच्यांशी कडू बोलत ते उभयचर. कँटीनचा चहावाला उत्प्रेरक, कारण तो फिरून गेला की कामं हलतात आणि तो स्वतः जसाच्या तसा राहतो.

बाबा एकदा सांगायला गेले की मुलगी घरी फार उशिरा येते. काकूंनी त्यांना स्टीलच्या पेल्यात उकळता चहा दिला आणि उष्णतेचं वहन विचारलं. परक्या घरी पेला खाली कसा ठेवायचा, म्हणून बाबा तो या हातातून त्या हातात करत राहिले. घरी येऊन म्हणाले, "बाई हुशार आहे. जात जा तू." मग त्यांनी बोटं थंड पाण्यात बुडवली.

तिथल्या मराठी मंडळातल्या बायका काकूंना थोडं हसायच्या, पण चहा करायला त्यांनाच बोलवायच्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेरच्या खोलीत सगळ्या जणी वाण घेत असत आणि काकू आत शेगडीपाशी. मी ते दरवर्षी बघत होते. ती रीतच आहे, असं मला वाटायचं. मला तेव्हा त्याहून जास्त काही वाटलं नाही.

तोंडी परीक्षा मार्चमध्ये होती. त्या दिवशी सकाळी काकूंनी मला शेवटची उजळणी म्हणून बोलावलं. आम्ल आणि आम्लारी मला बऱ्यापैकी येत होतं, पण दर्शक म्हटलं की मी अडखळायची. रंग बदलून दाखवतो तो दर्शक, एवढं पाठ होतं. हातात काही नव्हतं. लिटमस कागद घरात कुठून असणार? काकूंनी डब्यातली चिमूटभर हळद बशीत घेतली आणि मला कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे चुना आणायला पिटाळलं. "हळद दर्शक," त्या म्हणाल्या. "चुना आम्लारी. कालव."

मी पाण्याचा थेंब टाकून बोटानं कालवलं. हळद लालभडक झाली.

आमच्या घरी आईनं लहानपणापासून एक वळण लावलं होतं. बोटाला कुंकू लागलं की आधी समोरच्या बाईला लावायचं, मग स्वतःला. मी विचार केलाच नाही. माझा हात वर गेला आणि काकूंच्या कपाळाला बोट टेकलं.

मग मला कळलं. मी हात मागे घेतला आणि पुसायला पदर, रुमाल, काहीतरी शोधू लागले. मला माफी मागायची होती.

काकू तशाच बसून होत्या. त्या मास्तरणीच्या आवाजात म्हणाल्या, "चुन्याला हवा लागली की संध्याकाळपर्यंत हा रंग आपोआप पिवळा पडतो. पुसायची गरज नाही." आणि पुढे म्हणाल्या, "शब्द म्हटला नाहीस अजून."

मी म्हटलं, "दर्शक. सूचक. इंडिकेटर."

परीक्षेला बाहेरचे सर आले होते. त्यांनी इंग्रजीत जे विचारलं त्यातलं अर्धं मला कळलं. इंडिकेटर कळलं. मी मोडक्या इंग्रजीत हळद सांगितली, चुना सांगितला आणि माझं बोट पुढे केलं, कारण ते अजून रंगलेलं होतं. सर हसले. मग त्यांनी हिंदीतून आणखी काही विचारलं आणि तेही मला आलं. "पास हो जाओगी," असं ते उठता उठता म्हणाले.

बाहेर आले तर फाटकापाशी काकू उभ्या. कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. म्हणजे सकाळी त्या कपाळ न पुसता तशाच कचेरीत गेल्या होत्या, टेंपोतून, हेडक्लार्कसमोरून, सगळ्यांसमोरून. मी धावत जाऊन पास होईन असं सांगितलं. त्यांनी माझा दंड घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. काय विचारलं, कसं विचारलं, हे त्या सगळं विचारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी आवाज खाली आणून दुसरंच विचारलं.

"अजून लाल आहे का गं?"

मी बघितलं. घामानं आणि हवेनं कपाळावरचं ते पिवळं पडत आलं होतं. कडेला कुठेतरी तांबूस रेघ होती, तीही नीट बघितली तरच दिसत होती.

"आहे," मी म्हणाले.

त्यांच्या पर्समध्ये आरसा होता. तो त्यांनी काढला नाही.