पाठीवरचा खिसा

अमेरिका जिंकायला बारा मावश्या पुरेत, असं सुंगजे योमने ठरवलं होतं.

"बाराच?" त्याची थोरली बहीण हेवॉन म्हणाली. "लोक सैन्य घेऊन जातात."

"ताई, तुला धंदा कळत नाही! न्यूयॉर्कात माणूस दुकान बघून थांबत नाही, रांग बघून थांबतो. समोरच्या जपानी दुकानापुढे परवा पहाटेपासून लोक उभे होते. कशासाठी? पांढऱ्या बनियनसाठी! कोपऱ्यावरच्या त्या व्हिएतनामी पोरीच्या चपला, तिथेही रांग. आशियातलं सध्या काहीही खपतंय. फक्त आपल्याच दारात कुत्रं थांबत नाही."

"थांबलं होतं की. सोमवारी."

"ते कशाला थांबलं होतं ते मला माहितीये!"

न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या त्या दुकानात सुंगजे एकच वस्तू विकायचा, म्हणजे विकायला ठेवायचा. कोट. लोकर उत्तम, शिलाई देखणी. पण कोटाला पुढे खिसेच नव्हते. एकच खिसा होता आणि तो पाठीवर, बरोबर मधोमध, जिथे मनुष्यजातीतल्या कोणाचाही स्वतःचा हात पोचत नाही. यातून आधुनिक माणसाचं एकटेपण दिसतं, असं सुंगजेचं म्हणणं होतं. कोरियातल्या सेऊलच्या एका मासिकालाही ते दिसलं होतं. गिऱ्हाइकांना मात्र किल्ल्या कुठे ठेवायच्या एवढंच दिसत होतं.

आणि गुरुवारी अकराला हॉलोवे बाई येणार होत्या! पाच शहरांत पाच-पाच मजली दुकानं असलेल्या कंपनीसाठी कपडे निवडणाऱ्या बाई. त्यांनी कोट घेतले तर दुकान तरणार होतं. नाहीतर सुंगजेला मायदेशी, देगूला परत जाऊन वडिलांच्या मोज्यांच्या कारखान्यात बसावं लागणार होतं. वडिलांनी टेबलावरची पाटीही करून ठेवली होती, 'योम सुंगजे, टाच विभाग'. तिचा फोटो ते रोज पाठवायचे.

म्हणून मावश्या, दारात रांग लावायला. फ्लशिंगच्या कोरियन वस्तीतल्या चर्चच्या गानमंडळातल्या. मोबदला म्हणजे काम झाल्यावर बत्तिसाव्या रस्त्यावरच्या कोरियन खानावळीत हाडांचं गरमागरम सूप. त्यांच्या म्होरक्या होत्या मालसून मावशी. तीस वर्षं कपडे धुण्याचं दुकान चालवलेली बाई. रस्त्यातून जाणाऱ्या परक्या माणसाच्या कॉलरचा डाग बघूनसुद्धा त्यांना झोप लागत नसे.

गुरुवारी दहालाच चर्चची गाडी दारात येऊन थांबली. बाराही जणी उतरल्या आणि सुंगजे धावत बाहेर आला. प्रत्येकीच्या अंगात जांभळ्या फुलांची, कापूस भरलेली बंडी!

"मावशी, हे काय?"

"थंडी आहे," मालसून मावशी म्हणाल्या.

"पण ही फॅशनच्या दुकानाची रांग आहे! हे काढा बरं."

"तू काढ तुझी पँट, मग मी काढते."

शेवटी मधला मार्ग निघाला. बंडीवरूनच कोट घालायचे. हेवॉनने दुकानातले सगळे कोट खाली उतरवले. मावश्या घालून बघू लागल्या.

"ह्याला खिसा कुठाय रे?"

"पाठीवर."

मालसून मावशींनी हात मागे नेला. वरून नेला, खालून नेला. मग सुंगजेकडे असं बघितलं, की त्याच्या आईने त्याला लहानपणी डोक्यावर पाडलं होतं का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही एवढंच.

"मावशी, फक्त एक लक्षात ठेवा. उभं राहायचं. काहीही होवो, हलायचं नाही!"

"नाही हलणार."

सुंगजे आत जाऊन काचेला नाक लावून उभा राहिला. पाचच मिनिटांत एक दाढीवाला थांबला. त्याच्यामागे दोन मुली. मग कुत्र्यासकट एक जोडपं. मग तर काय! रांग बेकरी ओलांडून कोपऱ्यावरून वळली.

"बघितलंस, ताई? बघितलंस?"

"बघितलं. सुंग्या, आत का येत नाहीये कोणी?"

खरंच की! बाहेर अख्खं सोहो उभं आणि आत दोघं बहीणभाऊ. रांगेच्या तोंडाशी मालसून मावशी दरवाजापासून हातभर अंतरावर पुतळ्यासारख्या. सुंगजेने दार किलकिलं केलं.

"मावशी, या ना आत."

"हलायचं नाही म्हणालास."

"ते आधी! आता हला!"

"माझी परीक्षा बघतोस होय? सूप बुडवायला?"

"अहो, मागची माणसं खरी आहेत!"

"मग आम्ही काय खोट्या?" मालसून मावशी एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की सुंगजेने घाईघाईने दार लावलं.

अकरा वाजले. करडा सूट घातलेल्या एक उंच बाई टॅक्सीतून उतरल्या आणि सरळ दाराशी आल्या. मालसून मावशींचा हात फाटकासारखा आडवा झाला.

"रांगेत या."

"माझी भेट ठरलेली आहे."

"इथे सगळ्यांचीच ठरलेली आहे. मागे!"

हॉलोवे बाई मागे निघाल्या. सुंगजेच्या डोळ्यांपुढे टाच विभाग तरळला! तो पाठीवर खिसा असलेल्या स्वतःच्या कोटासकट बाहेर धावला. धावत कोपऱ्यापर्यंत गेला, बाईंना गाठलं, आणि "चला माझ्याबरोबर" म्हणून वळला, तोच दाढीवाला ओरडला, "ए! मध्ये घुसायचं नाही!"

"दुकान माझंच आहे!"

"हो का! मग बेकरी माझी आहे!"

रांगेत हशा पिकला. कुत्रंही भुंकलं. सुंगजे आपल्याच दुकानाच्या रांगेत, शेवटून पहिला, मुकाट उभा राहिला. त्याच्यापुढे हॉलोवे बाई.

"तुम्हीच योम?" बाईंनी मागे वळून विचारलं. "बरं झालं इथेच भेटलात. मी नाही म्हणायला आले होते. फोनवर नाही म्हणणं मला बरं वाटत नाही."

सुंगजेच्या पायातले मोजे एकदम जड झाले.

"पाठीवर खिसा!" बाई म्हणाल्या. "आमच्या गिऱ्हाइकाने त्याचं करायचं तरी काय?"

उत्तर म्हणून त्याने एकटेपणावरचं भाषण सुरू केलं. पण बाईंचं लक्ष नव्हतं. कोपऱ्यावरून मान लांब करून त्या रांगेच्या तोंडाकडे बघत होत्या. तिथे मावश्यांनी संसार थाटला होता. प्रत्येकीचा हात पुढचीच्या पाठीत! एकीने पुढचीच्या खिशातून संत्रं काढलं, सोललं, सालं परत तिच्याच खिशात टाकली. दुसरी पुढचीच्या पाठीतून जपून उकडलेलं रताळं काढत होती. तिसरीने दोन्ही हात पुढचीच्या खिशात घातले होते आणि तिच्या पाठीवर गाल टेकून ती डुलक्या घेत होती.

हॉलोवे बाई रांग सोडून पुढे गेल्या. कोणी ओरडलं नाही, कारण त्या दाराकडे न जाता मालसून मावशींपाशी थांबल्या. सुंगजेही मागोमाग पळाला.

"हा कोट कसा वाटतो तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही बुवा," मालसून मावशी म्हणाल्या. "मला फक्त उभं राहायला सांगितलंय. सूप आहे नंतर."

संपलं! सुंगजेने डोळे मिटले. मोज्यांचा वास आला.

"पण एकटीने घालण्यात अर्थ नाही," मावशींनी कारण नसताना भर घातली. "मागे कोणीतरी लागतं. पुढे कोणीतरी लागतं. मी पहिली, मला पुढे कोणी नाही. माझे हात बघा गारठलेत!"

हॉलोवे बाईंनी एकदा त्या हातांकडे, एकदा मागच्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "योम, हा कोट एकट्याचा नाहीच. हा रांगेचा कोट आहे!"

"तेच तर!" सुंगजे म्हणाला. गेली दोन वर्षं तो याच्या बरोबर उलटं सांगत होता.

"घेते. पाचही दुकानांसाठी. पण एका अटीवर. उद्घाटनाला ह्या बायका हव्यात. अशाच्या अशा, रताळ्यांसकट."

सुंगजे तिथल्या तिथे हो म्हणाला. मालसून मावशी नाही म्हणाल्या. रविवारी चर्च असतं, विमानात खिडकी हवी, आणि शिकागोत सूप कसं मिळतं ते आधी चाखून बघावं लागेल. दोन दिवस घासाघीस झाली. बोलणी त्याच करत होत्या, सुंगजे त्यांच्या बॅगा उचलत होता. शेवटी सौदा ठरला.

आणि शिकागोतल्या पहिल्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी युंगजा मावशींचा गुडघा धरला. बारातली एक कमी! हॉलोवे बाईंना बाराच हव्या होत्या.

तर त्या सकाळी शिकागोच्या बोचऱ्या वाऱ्यात, रांगेत सातव्या जागी, जांभळ्या फुलांच्या बंडीवर कोट चढवून आशियाई फॅशनचा उगवता तारा उभा होता. पाठीमागे कोणीतरी संत्रं सोलत होतं.

पलीकडून जाणारा एक तरुण थबकला. "काय हो, कसला ब्रँड आहे हा? चांगला आहे का?"

सुंगजेने छाती फुगवली, तोंड उघडलं. तेवढ्यात रांगेच्या तोंडाशी मालसून मावशींनी वळून त्याच्यावर डोळे वटारले. रांगेत बडबड करणाऱ्याला सूप नव्हतं.

"माहीत नाही बुवा," तो म्हणाला. "मला फक्त उभं राहायला सांगितलंय."