डॉक्टर सराव करतायत

दातांच्या डॉक्टरांना संध्याकाळच्या तालमीत बँडमधली आपली गिटारवाल्याची जागा वाचवायची होती. बँडचा ड्रमर म्हणजे त्यांचा सख्खा मेव्हणा. त्याने गेल्या वेळी तोंडावर सांगितलं होतं, "दाजी, तुमचा अ‍ॅम्प नुसता घरघरतो. काय वाजवताय तेच कळत नाही. पुढच्या वेळीही असंच झालं तर दुसरा गिटारवाला बघावा लागेल." बायकोच्या धाकट्या भावाकडून हे ऐकणं डॉक्टरांच्या फारच जिव्हारी लागलं.

वाद्यांच्या दुकानदाराने उपाय सांगितला. गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पच्या आधी ओव्हरड्राइव्हचं पेडल जोडायचं, पेडलवरचा ड्राइव्ह, म्हणजे आवाज खरखरीत करायचं बटण, शून्यावर आणि लेव्हल, म्हणजे आवाजाचा जोर, पूर्ण. डॉक्टरांना वाटलं, माणूस माल खपवतोय. आधीच पिसाळलेल्या अ‍ॅम्पला आणखी डिवचायचं, आणि ज्याच्यासाठी पेडल घ्यायचं ते बटण बंदच ठेवायचं, हे कुठलं शहाणपण? पण दुकानदार ठाम होता. सगळा गढूळपणा निघून जातो, म्हणाला, एकेक सूर सुटा ऐकू येतो.

बायकोने घरात बंदी घातल्यापासून गिटारचा सगळा संसार दवाखान्यातल्या एक्स-रेच्या खोलीत होता. त्या खोलीच्या भिंतींत शिशाचे पत्रे होते. जिथून एक्स-रे बाहेर पडत नाहीत तिथून आवाज काय पडणार, असं डॉक्टरांचं शास्त्र होतं. वर हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्यासाठी पाडलेलं भोक त्यांनी विचारात घेतलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी दार लावलं, पेडल जोडलं आणि तार छेडली. दुकानदार खरा निघाला. घरघर गायब झाली आणि सूर कसा धार लावल्यासारखा निघाला. डॉक्टर इतके हरखले, की जेवण विसरून संध्याकाळचा अवघड तुकडा वीस मिनिटं घोटत बसले.

बाहेर सहा पेशंट वेळेआधीच येऊन बसले होते. आतून दात कोरायच्या मशीनसारखं काहीतरी सूंऽऽ करत चढत जायचं, थांबायचं आणि पुन्हा तिथूनच सुरू व्हायचं. दाढ काढायला आलेल्या गृहस्थांनी रिसेप्शनवरच्या बाईंना हळूच विचारलं, की आत कोणाचं चाललंय. बाई खोटं बोलत नसत.

"आत कुणी नाही," त्या म्हणाल्या. "डॉक्टर सराव करतायत."

डॉक्टर बाहेर आले तेव्हा पाच खुर्च्या रिकाम्या होत्या. सहावीवर एक आजी शांत बसल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत वाद्यवृंद शिकवला होता.

"काय दुखतंय, आजी?"

"आत्ता तर कान. तुम्ही दर चौथ्या ठोक्याला मागे पडता. आजवर कुणी सांगितलं नाही?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "आजवर ऐकूच येत नव्हतं."

आजी उठल्या आणि आत गेल्या. त्यांनी डॉक्टरांना गिटारसकट पेशंटच्या खुर्चीत बसवलं, ट्रेमधला चिमटा उचलला आणि ट्रेच्याच कडेवर ठोका धरला. दुसऱ्याच फेरीत डॉक्टर चुकले. तिसऱ्या फेरीतही चुकले. त्यांना घाम फुटला.

"संध्याकाळपर्यंत बरं होईल ना?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

डॉक्टर रोज दहा जणांना जे सांगत, तेच आजींनी त्यांना सांगितलं, "थोडं दुखेल. खरं म्हणजे आधीच यायला हवं होतं."