नसलेल्या मतदारसंघाचे आमदार

जूनचा पहिला सोमवार. जुलैचा पहिला सोमवार. ऑगस्टचा पहिला सोमवार. या तिन्ही दिवशी सकाळी सातच्या आत, सिल्वासाच्या किलवणी नाक्याजवळील आमच्या सोसायटीच्या काचेच्या सूचनाफलकात एक हस्तलिखित कागद लागला. त्याखाली सही होती, 'आपला नम्र, आमदार'. यास जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे: सही करणारे श्री. निंबा आप्पा बाविस्कर. फलकाची किल्ली त्यांच्या हाती देणारे सोसायटीचे सचिव. तो कागद उभे राहून, काही जण तर मोठ्याने, वाचणारे रहिवासी. आणि मी स्वतः. माझ्या जबाबदारीचे स्वरूप यथास्थळ येईल.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. आपला प्रदेश केंद्रशासित आहे. येथे जिल्हा पंचायत आहे, नगरपालिका आहे, दिल्लीला पाठवलेले खासदार आहेत. विधानसभा नाही, सबब आमदार नाही. मी प्रशासनाच्या विधी शाखेत आयुष्य घालवून निवृत्त झालो आहे आणि ही गोष्ट मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. आप्पांना मात्र ती जागेपणी, फलकासमोर उभे करून, तीनदा सांगावी लागली.

आप्पा मूळचे धुळे जिल्ह्यातले. खडोलीच्या एका सूत कारखान्यात मशीन चालवून निवृत्त झाले. मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलण्याची सवय अजून गेलेली नाही, त्यामुळे त्यांचे खाजगी बोलणेही जाहीर सभेसारखे वाटते. महिनाभर बनियनवर वावरणारा हा माणूस पहिल्या सोमवारी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालतो.

"आप्पा," मी म्हणालो, "हे पद अस्तित्वात नाही."

"हाओ. म्हनून तर रिकामं आहे ना, साहेब."

"पद रिकामे नाही. पदच नाही."

"मग मी कोनाची जागा घेतली, ते सांगा."

तोतयेगिरीच्या गुन्ह्यास मुळात एखादे पद असावे लागते. या मुद्द्यासाठी मी दोन दिवस कायद्याची पुस्तके चाळली, हे मी संतापानेच नमूद करतो.

निवेदनाचे दोन भाग असत. पहिला, 'धोरणात्मक प्राधान्ये'. त्यात पहिल्या क्रमांकावर नेहमी खडोली फाट्यावरचा दिवा. संध्याकाळची पाळी सुटली की बायका त्या फाट्यावर उतरतात आणि मोबाइलच्या उजेडात चालतात. या दिव्यासाठी आप्पांनी इतके अर्ज केले की त्यांच्याकडे पोचपावत्यांची फाइल फुगून दोरीने बांधावी लागली. पोच मिळे, दिवा मिळत नसे. दुसरा भाग, 'परिसरातील घडामोडी'. जुलैच्या निवेदनातील एक उतारा माझ्याकडे नकलून ठेवला आहे, कारण पुरावा म्हणून तो लागेल असे मला वाटले होते: "अथालचा दूधवाला आता साडेसहाला येईल, त्याच्या बायकोला दिवस गेले आहेत, उशिराबद्दल बोलू नये. शाळेत नवीन बाई आल्या आहेत. रत्नागिरीच्या आहेत. त्यांना आपली मिरची सोसत नाही, जेवायला बोलावणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. सी विंगच्या पटेलबेनचा गुडघा दुखतो, त्या कबूल करीत नाहीत."

पटेलबेनने तो मजकूर वाचून आप्पांना भर पटांगणात सुनावले होते, "मारो घुटनो सरकारी छे के?" आप्पा म्हणाले होते, "प्रश्नाची नोंद घेतली."

'नोंद घेतली' हा त्यांचा परवलीचा शब्द. त्यानंतर ते खिशातून छोटी वही काढून खरोखरच नोंद घेत, आणि समोरच्याचा राग अर्धा ओसरे. मी त्याच कारणाने त्यांच्याशी बोलणे टाळू लागलो.

रविवारी सकाळी वाहनतळाच्या पत्र्याखाली त्यांचे अधिवेशन भरे. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. डावीकडच्या खुर्चीत बसले की आप्पा सरकार असत, उजवीकडे बसले की विरोधी पक्ष. उजवीकडून ते गरजत, "खडोली फाट्यावर अंधार का आहे?" मग उठून डावीकडे बसत आणि हळू आवाजात म्हणत, "माहिती घेण्यात येत आहे." की पुन्हा उजवीकडे. एकदा तर ते स्वतःच्याच उत्तराचा निषेध म्हणून सभात्याग करून किराणा दुकानापर्यंत गेले आणि साबण घेऊन परत आले.

"जलदी करो ने, आप्पा, कुकर चडाव्युं छे," पटेलबेन म्हणाल्या.

"सभागृह कुकरसाठी दहा मिनिटं तहकूब."

मी तेथे केवळ आक्षेप नोंदवण्यासाठी जात असे. उपप्रश्न मूळ प्रश्नाशी सुसंगत असावा लागतो, अध्यक्षांशिवाय तहकुबी होत नाही, हे मी दर रविवारी निदर्शनास आणून देई. ऑगस्टमध्ये माझ्या ध्यानात आले की लोक मलाच अध्यक्ष समजू लागले आहेत. त्याच आठवड्यात मी संबंधित कार्यालयाकडे लेखी तक्रार केली: सदर इसम अस्तित्वात नसलेले पद धारण करून जनतेची दिशाभूल करीत आहे, सबब योग्य ती कारवाई व्हावी.

तीन दिवसांत कारवाई झाली. ज्या कार्यालयातून दिव्याच्या अर्जावर कधी माणूस आला नाही, तेथून दोन माणसे गाडी घेऊन आली. फलकातला कागद काढला आणि आप्पांना हिंदीतली शिक्क्याची नोटीस दिली. आप्पांनी सही करून ती घेतली आणि त्या दोघांना चहा विचारला.

पुढच्या रविवारी पत्र्याखाली एकच खुर्ची होती. आप्पा साध्या शर्टात बसले होते. लोक मात्र आले होते. सवय, दुसरे काय.

त्या दिवशी बी विंगच्या चौथ्या मजल्यावरची मनीषा एक फॉर्म घेऊन आली. ती खडोलीत पॅकिंगला जाते. तिचा नवरा सुनील, हृदयाच्या झडपेचा आजार. मुंबईच्या एका धर्मादाय दवाखान्यात त्याला राखीव खाट मिळण्यासारखी होती, पण फॉर्मवर एक छापील चौकट होती: 'मतदारसंघाचे विधानसभा सदस्य यांची सही व शिक्का'. खासदारांचे पत्र चालेल का, असे तिने विचारले होते. दवाखान्याच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला होता, चौकटीत लिहिलंय तेच आणा, आठ दिवस नंबर धरून ठेवतो.

"आप्पा, तुम्ही करा ना सही," ती म्हणाली. "सगळे तुम्हाला आमदारच म्हनतात. त्यांना काय कळतंय मुंबईत?"

मी पुढे सरकून उभा राहिलो. आता हा माणूस सही करणार आणि माझी तक्रार शब्दशः खरी ठरणार, असे मला वाटले. थोडे बरेही वाटले, हे लपवत नाही.

आप्पांनी फॉर्म हातात घेतला. चौकटीवर बोट ठेवले. मग तो घडी घालून तिला परत दिला. त्यांचा आवाज मी प्रथमच खाली आलेला ऐकला.

"नाही, माय. फळ्यावर मी आमदार. कागदावर नाही."

"आप्पा, आठच दिवस आहेत."

"मला ठाऊक आहे किती असतात ते."

ती रडत जिना चढून गेली. लोक पांगले. मी घरी जाऊन तक्रारीची प्रत काढली आणि आप्पांच्या दारात गेलो. आजवर मी त्यांचा उंबरा ओलांडला नव्हता. तक्रारदार मी आहे हे समक्ष सांगणे हे माझे कर्तव्य होते.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "त्या मानसांनी कागद दाखवला. 'सबब' हा शब्द या सोसायटीत दुसरं कोन लिहिनार? बसा, साहेब."

भिंतीवर एका बाईचा फोटो होता. आप्पांच्या पत्नी, वत्सलाबाई. आप्पांनी सांगितले ते असे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी हाच दवाखाना, हीच चौकट. आप्पांनी खिडकीवर सांगितले, आमच्याकडे आमदार नसतो. खिडकीवरचा माणूस हसला. म्हणाला, आमदार सगळ्यांना असतो, तुम्हाला माहीत नसेल. आप्पा परत आले. शिक्का बनवून घेतला, बसमध्ये मांडीवर सही केली, आणि दुसऱ्या दिवशी फॉर्म दिला. खिडकीवर यादी काढून पाहिली गेली. असा मतदारसंघ नाही, असा आमदार नाही. खोटा कागद म्हणून वत्सलाबाईंचा नंबर काढून टाकला.

"गेली ती इथंच. मला एका शब्दानं बोलली नाही. उलट एक दिवस हसून म्हने, काय आमदार, पानी देता का." त्यांनी फोटो सरळ केला. "तेव्हापासून लावून घेतलं ते नाव, फळ्याची किल्ली तेवढी यंदा मिळाली. खोटं वापरलं एकदा, आता खरं काम करून जितकं फिटेल तितकं."

मी तक्रारीची प्रत घडी घालून खिशात ठेवली.

मग आप्पा उठले, कपाटातून ती शिक्क्याची नोटीस आणली आणि माझ्या हातात दिली. "वाचा. मोठ्यानं."

मी वाचले. त्यातील दुसरे वाक्य असे होते की, या प्रदेशात विधानसभा सदस्य हे पद अस्तित्वात नाही. खाली अधिकाऱ्याची सही, शिक्का, जावक क्रमांक.

"त्या खिडकीवर मी हेच सांगत होतो ना? माझ्याकडे कागद नव्हता. तुमच्या तक्रारीनं कागद आला." ते माझ्याकडे पाहत होते. "तुम्हाला अर्ज चांगला जमतो. मनीषासाठी लिहा."

मी लिहिला. आप्पा बाजूला बसून चष्मा पुसून देत होते. जी अट पुरी होणेच शक्य नाही ती घालून रुग्णाला नाकारता येत नाही, हे मी चार परिच्छेदांत मांडले, नोटिशीची साक्षांकित प्रत जोडली, आणि मनीषाने तो अर्ज खिडकीवर दिला. खिडकीवरच्या माणसाने सांगितले की नोटीस ठीक आहे, पण मग सही कोणाची घ्यायची ते तुमच्या कार्यालयाकडून लिहून आणा. आम्ही कार्यालयात गेलो. साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशीही होते.

म्हणून हे जाहीर लिहीत आहे. आमच्याकडे आमदार नाही हे ज्या कार्यालयाने तीन दिवसांत लिहून दिले, त्याच कार्यालयाने आता सांगावे: ज्याला आमदार नाही, त्या माणसाच्या कागदावर सही कोण करील? पोच नको. 'माहिती घेण्यात येत आहे' हे उत्तर नको. सोमवारी सकाळच्या गाडीने मनीषा सुनीलला घेऊन मुंबईला निघणार आहे, कारण त्या दिवशी आठ दिवस संपतात. रविवारी दहा वाजता आमच्या पत्र्याखाली या आणि सही करणाऱ्याचे नाव तिच्या तोंडावर, सगळ्यांसमोर सांगा.