मोरपंखीस पाणी घातल्याची बखर

श्री.

ज्या परमेश्वरानें झाडास जीव दिला आणि वाचा दिली नाहीं, त्यास साष्टांग नमन असो. शके सतराशें तेरा, विरोधकृत् नाम संवत्सर, सरता फाल्गुन, ते समयीं राज्यांत जें घडलें तें लिहितों. राज्याचें नांव लिहीत नाहीं. राजे अद्याप गादीवर आहेत आणि लिहिणारास बायकोपोरें आहेत.

राजियांस एकच कन्या, नांव गजराबाईसाहेब. त्या अकरा वर्षांच्या असतां उत्तरेकडील डोंगरांतून एक गोसावी आला आणि ओल्या फडक्यांत गुंडाळून वीतभर रोप घेऊन आला. पान चपटें, बारीक खवल्यांचें, फांदी उभ्या पंख्याऐसी, बारमाही हिरवी, म्हणोन लोक त्यास मोरपंखी म्हणूं लागले. बाईसाहेबांनीं तें आपले हातें देवडीसमोर लाविलें आणि हुजूर बागेचा माळी लिंबाजी यानें लावणी शिकविली. लिंबाजी मोठा तोंडाळ, थोरामोठ्यांसही उलट बोलणारा, परंतु झाडाचे कामीं त्याचा हात धरील ऐसा मुलखांत दुसरा नव्हता. त्यानें आधीं मातीचा उंचवटा केला, खालीं खडी आणि वाळू घातली, मग बोलिला, "बाईसाब, ह्ये डोंगरउतारावरचं झाड. ऊन द्या, वारा द्या, पर ह्याचं पाय वलं ठिवू नगा. मातीत बोट घालायचं, दुसऱ्या पेरापातुर कोरडं लागलं तर येक घागर, न्हाई तर हात जोडून माघारी जायाचं." आणि कात्री म्हणाल तर, तो सांगे, हिरव्या शेंड्यांपुरती, आंतल्या उघड्या लाकडापावेतों कापिलें तर तेथें जन्मांत पुन्हा पान फुटत नाहीं, हा कांहीं कडुलिंब नव्हे. ऐसें आठ वर्षें चाललें. बाईसाहेब रोज मातींत बोट घालीत आणि बहुतेक दिवस हात जोडून माघारी जात, आणि झाड पुरुषभर उंच, समईच्या ज्योतीऐसें निमुळतें जाहलें. नगरांतील पोरें विद्या येते म्हणोन मोरपंखीची डहाळी पोथींत ठेवीत, त्यांस बाईसाहेब स्वहस्तें एक एक डहाळी देत, आणि लिंबाजी मागें उभा राहून कुरकुरे.

मग बाईसाहेब एकोणीस वर्षांच्या जाहल्या आणि त्यांस ज्वर आला. वैद्य रोज म्हणत, उतार पडतो आहे, महाराजांनीं स्वस्थ असावें. महाराज एकवीस दिवस उशाशीं स्वस्थ बसले आणि बाविसावे दिवशीं बाईसाहेब गेल्या. राणीसाहेब त्यांचे आधींच गेल्या होत्या. मग राजियांचें चित्त राज्यांत राहिलें नाहीं. स्नान होतांच मोरपंखीपाशीं चौरंग टाकून बसावें, कारभारी विसाजीपंत कागद आणीत त्यांवर न वाचतां शिक्का उठवावा, अन्न पुढें आलें तर चिवडून उठावें, ऐसा क्रम पडिला.

ऐसें असतां वर लिहिले फाल्गुनांत एके सकाळीं महाराजांनीं हातानें फांद्या बाजूस सारून आंत पाहिलें, तों आंतील पानें अवघीं तांबूस, वाळलेलीं. महाराज घाबरे होऊन उठले, चौरंग कलंडला, आणि मोठ्यानें हाक मारिली, "लिंबाजी! आंतून जळालें रे!" लिंबाजी आला, त्यानें खोड धरून हालविलें, मूठभर वाळका पाला खालीं पडला, आणि तो बोलिला, "म्हाराज, आतलं जुनं पान दरसाल वाळतंय अन् गळतंय. त्येची रीतच हाय. काय बी करू नगा."

महाराजांनीं पुसिलें, "कांहींच करूं नये?"

"व्हय. ह्या झाडाला कमी क्येलेलंच मानवतंय."

महाराज घागरीकडे वळले. म्हणाले, "एकदा आम्ही कांहीं न करितां बसून पाहिलें, लिंबाजी. पुन्हा तसें बसणें आमच्यानें होणार नाहीं." आणि जवळची घागर स्वतः उचलून बुंध्याशीं ओतिली, आणि त्या दिवशीं कितीएक महिन्यांनीं पोटभर जेवले.

मग काय विचारतां! विसाजीपंतांस पडत्या फळाची आज्ञा. त्यांनीं दुसरे दिवशीं शिरस्ता घातला कीं मुजऱ्यास येईल त्यानें आधीं मोरपंखीस एक घागर पाणी घालावें, मग मुजरा करावा. मग मानकऱ्यांत अहमहमिका लागली. एकानें गंगोदक आणविलें, एकानें वाळा घालून गार केलेलें पाणी आणिलें, एक शिलेदार दोन्ही खांद्यांवर घागरी घेऊन आला आणि त्यास दोनदां मुजरा मिळाला म्हणोन बाकीचे जळले. फडावरील आम्ही कारकूनही मागें राहिलों नाहीं. लिहिणारानें नित्य एक आणि सणावारीं दोन ओतिल्या. दिवसास शंभरांवर घागरी होऊं लागल्या आणि उंचवटा विरघळून बुंध्याशीं डबकें साचलें. लिंबाजीनें कुदळ घेऊन चर काढिला आणि पाणी वाहून जाऊं दिलें. त्यावर पंतांनीं हुजूर अर्ज केला कीं माळी बाईसाहेबांच्या झाडाचें पाणी तोडतो. मग महाराजांस क्रोध आला, चर बुजविला, आणि लिंबाजीस तीन कोसांवरील गवताचे कुरणावर धाडिलें कीं तोंड दाखवूं नये.

जातेवेळीं लिंबाजी फडांत मजकडे आला. हातांत बोटभर मूळ होतें, काळें पडलेलें, साल नुसत्या चिमटींत निघून येत होती आणि घाण येत होती. म्हणाला, "तुमी हुजुरात बसता. मुळं कुजाय लागल्यात, येवढं कानावर घाला. आज पानी थांबलं तर झाड वाचंल." मीं म्हटलें, बरें. मग तो गेला आणि मी लिहीत बसलों, आणि तो शब्द माझे मुखांतून निघाला नाहीं. कारण पुसाल तर भय. दुसरें कांहीं नाहीं.

नवें संवत्सर लागलें, गुढ्या उभारिल्या, आणि झाड हिरवेंगार. दरबारी म्हणत, पाणी मानवलें, तेज चढलें. महाराज हंसूं लागले, कागद वाचून शिक्का करूं लागले, रयतेचे दोन तंटे स्वतः ऐकोन निवडिले. मग सांगणें आणखीच कठीण जाहलें. ज्येष्ठांत हिरवा रंग फिका पडला आणि आषाढ लागतांच अवघें झाड तळापासून शेंड्यापावेतों गंजल्या लोखंडाऐसें जाहलें. पंत म्हणाले, नवी पालवी तांबूसच येते. त्यावर कोणी हंसलें नाहीं. महाराजांनीं घोडा देऊन लिंबाजीस आणविलें.

लिंबाजी आला, मुजरा केला, आणि नखानें खोडाची साल खरवडिली. खालीं ओल नाहीं, हिरवें नाहीं. मग महाराजांनीं पुसिलें, "कधीं गेलें?"

"चैतातच, म्हाराज. ह्या जातीचं झाड मेल्यावर बी दोन-अडीच म्हैनं हिरवं दिसतंय. मानसाला कळत न्हाई."

"म्हणजे आम्ही हंसूं लागलों तेव्हां..." इतकें बोलिले. मग म्हणाले, "आम्हांस कोणी सांगितलें नाहीं."

लिंबाजीनें एकवार मजकडे पाहिलें. परंतु त्यानें नांव घेतलें नाहीं. "सांगाया म्या हुतो, मला तुमी घालिवलं," इतकेंच बोलिला. आम्हीं मानिलें आतां मान उडते. तों महाराज तेथेंच चिखलांत बसले, भरजरी अंगरख्यानिशीं, हातांत त्या दिवसाची घागर तशीच भरलेली, आणि म्हणाले, "झाड गेलें तें कळलें, लिंबाजी. आतां उद्यां सकाळीं उठून आम्हीं काय करावें, तें सांग."

लिंबाजी पुढें जाहला. मग त्यानें महाराजांचे हातची घागर घेतली, आणि वाकून वाळल्या बुंध्याशीं हळूहळू, एक थेंब बाहेर न सांडतां, अवघी ओतिली, आणि रिकामी घागर परत हातीं देऊन बोलिला, "उद्या बी यायाचं, म्हाराज. म्या हितंच हाय."

तेव्हांपासून दोघे नित्य सकाळीं येतात आणि एक घागर घालितात. दुसऱ्यास घालूं देत नाहींत.

तात्पर्य, झाड पाण्यानें मेलें. मारणारांत शत्रु कोणी नव्हता. अवघे भले लोक, एक एक घागर घेऊन आलेले, आणि त्यांत एक घागर लिहिणाराची. हकीकत खरी आहे. हुजूर वाचून दाखविलेली नाहीं.