भागीबाईंचा आवाज सोडवून आणिला त्याची हकीकत

श्रीगोदामाई समर्थ. नाशिक प्रांती, गंगापूर रोडी, दुसरे मजल्यावरील तीन खोल्यांचे मुलखात जे युद्ध जाहले, त्यात कोण चुकले आणि कोण झुंजले, हे मागाहून कोणी भलतेच सांगेल, सबब जैसे घडले तैसे लिहिले असे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मास. राजमान्य राजश्री सावळीराम फाटकवाले, इगतपुरी प्रांती रेल्वेचे फाटकावर एकतीस वर्षे इमानेइतबारे चाकरी करोन निवृत्त जाहलेले, आपले कुटुंब सौभाग्यवती साळूबाईसाहेब यांसह सुखरूप नांदत होते. घरात खिडकीशेजारी संगणक नामे किल्ला होता, आणि किल्ल्याचे पोटात एक जिन्नस असा होता की त्याची बरोबरी जडजवाहिरास नाही. तो जिन्नस म्हणजे साळूबाईंची थोरली बहीण, पेठ तालुक्याकडील भागीबाई, इजचा दीड तासाचा आवाज. भागीबाईंची लेक स्नेहल हिने तो आपले फोनात भरला होता. मग भागीबाई वारल्या, मग तो फोन पंचवटीत गंगेच्या पाण्यात पडला, आणि नक्कल राहिली ती या किल्ल्यातच. येत्या रविवारी भागीबाईंचे वर्षश्राद्ध होते, आणि साळूबाईंनी पेठेस निरोप धाडिला होता की सर्वांनी यावे, अक्काचा आवाज ऐकवीन.

आवाज थोडा बारीक होता. तेव्हां गुरुवारी सावळीरामांनी आवाज मोठा करणारा फुकटचा एक प्रोग्राम इंटरनेटाचे बाजारातून किल्ल्यात घेतला. तो येताच पडद्यावर एक चौकट उभी राहिली आणि परवानगी मागू लागली.

येथे चूक जाहली, ती ऐसी. फाटकावर स्टेशनमास्तरांचा फोन आला की ‘समजलं’ म्हणोन जबाब द्यावा लागे. निरोप बिनजबाब ठेविला तर माणूस गाडीखाली जाईल, हे भय सावळीरामांचे हाडात एकतीस वर्षे मुरलेले. सबब चौकट आली की त्यांनी ‘परवानगी आहे’ हे बटण दाबावे, मग दुसरी यावी, मग तीही दाबावी, ऐसे संध्याकाळपर्यंत चालले, आणि प्रत्येक जबाबानिशी एकेक दरवाजा उघडत गेला.

शुक्रवारी सकाळी गनीम चालोन आला. गुडघ्याचे तेल आले, टक्कलावरील औषध आले, बक्षिसाची मोटार आली, उपवर वधूंचे ताफे आले. आत हेरही शिरले होते. सावळीरामांनी एकदा चपलांचे भाव पाहिले, तो पुढे जेथे जावे तेथे चपलाच सामोऱ्या येऊ लागल्या. आवाजाची फाइल उघडू जावे, तर भागीबाईंचे ठायी एक तरणा गडी साबण विकी. साळूबाई हे पाहोन म्हणाल्या, “आमच्या अक्काच्या जागी ह्यो कोन मेला?”

दुपारी तांबडी चौकट भोंगा वाजवीत आली: किल्ल्यात अठ्ठावीस विषाणू आहेत, तासाभरात सर्व फाइली नष्ट होतील, या नंबरास फोन करावा. सावळीरामांनी अर्थातच केला. पलीकडे गोड जिभेचा एक सरदार होता. तो स्वतःस मोठे कंपनीचा म्हणवी, आणि किल्ल्याची किल्ली म्हणोन पडद्यावरील नऊ आकडे मागे. सावळीरामांनी पाच आकडे वाचले, इतक्यात साळूबाईंनी फोन हिसकोन घेतला.

“कोन रं तू? गाव कुठलं तुझं? आईला दे बरं फोन, बोलते मी तिच्याशी.”

सरदार तत्क्षणी पसार जाहला.

मग समोरचे घरातील प्रतिभाताई, ज्या कॉलेजाचे कचेरीत संगणकाचे काम पाहतात, त्यांस शनिवारी सकाळी पाचारण जाहले. त्यांनी येताच इंटरनेटाची तार उपटोन गनिमाची रसद तोडिली. मग मसलत दिली की सर्व पुसोन किल्ला नव्याने वसवावा, तो सोपा मार्ग.

“पुसायचं नाय,” साळूबाई म्हणाल्या. “अक्का हाय आत.”

“मावशी, मग आधी घाण काढावी लागेल. आत्ता पेनड्राइव्ह लावला तर तीच घाण त्यातही जायची.”

ऐसे म्हणोन त्यांनी तो फुकटचा प्रोग्राम हाकोन दिला, आणि परवानग्यांची यादी उघडिली. त्रेसष्ट नावे निघाली. एक रद्द करोन दाखविले आणि दहाचे ठोक्यास त्या कचेरीस गेल्या. उरलेली बासष्ट सावळीरामांवर आली.

त्यांनी बोट उचलिले आणि ते तेथेच थांबले. ज्यास आपण होय म्हटले त्यास आता नाही कैसे म्हणावे? न जाणो, एखादा निरोप खरा असला तर? पाव तास गेला. साळूबाई मागे उभ्या होत्या.

“काय हो, गाडी यायच्या टायमाला ट्रकवाले फाटकापुढं भोंगे वाजवायचे, शिव्या द्यायचे. सोडलं का कधी एकाला तरी?”

“एकालाही नाही.”

“मंग हे काय तुमचे जावई लागून गेले?”

हे ऐकोन सावळीराम ताठ बसले, आणि पहिले नाव रद्द केले, आणि दुसरे, आणि तेलवाले गेले, साबणवाले गेले, वधूंचे ताफे माघारी फिरले, आणि दीड वाजता यादी कोरी जाहली. दरम्यान चहा तीन वेळा जाहला, जेवण निवाले.

सायंकाळी प्रतिभाताई परतल्या. विषाणू धरणारा किल्ल्याचा मूळचा पहारेकरी, ज्यास सावळीरामांनीच एका चौकटीचे सांगण्यावरोन रजेवर धाडिले होते, त्यास पुनः कामावर रुजू केले, तार जोडोन नवे हत्यार दिले, आणि त्याने चौदा हेर जेरबंद केले. जाहिराती अडविणारी चौकीही बसविली. मग पेनड्राइव्ह लाविला. फाइल उतरली. साळूबाईंनी तो काढोन पदराचे गाठीस बांधिला आणि रात्रभर सोडिला नाही.

रविवारी पेठेहून मंडळी आली. एकोणीस असामी बाहेरचे खोलीत मावले, काही जिन्यात बसले. आवाज बारीक तो बारीकच होता, सबब पंखा बंद केला, शिटी होईल म्हणोन कुकर उतरविला, आणि सर्वांनी माना पुढे केल्या. मग भागीबाई बोलल्या. प्रथम खोकल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या,

“बंद कर गं स्नेहल ते. माझं बोलनं कोन ऐकनार हाय?”

स्नेहल पदर तोंडाशी धरोन बसली. सावळीरामांनी चष्मा पुसला, तो बराच वेळ पुसला.

येणेप्रमाणे मार्गशीर्ष मासी, गंगापूर रोडी, फत्ते जाहली. आवाज दीड तास, सर्व साबूत. गनिमाकडील हेर चौदा, परवाने त्रेसष्ट, रद्द. आपलेकडील नुकसानी काही नाही. आवाज संपल्यावर साळूबाईसाहेबांचा हुकूम जाहला की पुनः लावावा, त्याप्रमाणे पुनः लाविला असे.